शिमग्याची पहिली

आमच्या शाळेच्या लोखंडी कपाटात, जुन्या हजेरीपटांच्या खाली, फुलस्केपची चार पानं आहेत. ती तिथं आहेत हे आजवर फक्त मला ठाऊक होतं. आता तुम्हालाही झालं. भावाला सांगितलं नाही, शेजारच्या काकूंना नाही — देवापुढे बसते तेव्हासुद्धा भलतंच काहीतरी पुटपुटते आणि उठते. का नाही सांगितलं? लाज वाटते म्हणून. दुसरं काय असणार?

पानं माझी नाहीत. नाईकबाईंची आहेत.

थांबा, असं मधूनच नको. पहिल्यापासून सांगते — म्हणजे जमेल तसं. सरळ सांगायची सवय राहिलेली नाही मला.

मी सरकारी शाळेत शिकवते. मूळची तळा गावची, पण गेली अकरा वर्षं श्रीवर्धनच्या अलीकडे, खाडीकाठच्या एका गावात आहे. लग्न केलं नाही. का, ते विचारू नका, तो आजचा विषय नाही. सुपारीच्या वाडीत दोन खोल्या भाड्याने घेतल्यात, घरमालक मुंबईला असतात. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोंडातून एक शब्द निघत नाही, कधी कधी मुद्दाम खाकरून बघते आवाज आहे का ते. तर अशा माझ्या आयुष्यात नाईकबाई होत्या. शाळा दोनशिक्षकी — पहिली-दुसरी त्यांच्याकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. माझ्याहून सोळा-सतरा वर्षांनी मोठ्या. डब्यात एक भाकरी जास्तीची आणायच्या आणि सुकटीची चटणी, आणि आल्या आल्या विचारायच्या, "काल रात्री जेवलीस का गं नीट?" जगात हे मला विचारणारं तेवढं एकच माणूस होतं.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला वाटेल की आमचं पटत नसेल. पटत होतं. तेच तर आहे ना.

आता शिमग्याची पहिली म्हणजे काय, ते सांगते. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला कातकऱ्यांची वाडी आहे. दिवाळी झाली की वाडीतली निम्मी माणसं पोराबाळांसकट वीटभट्टीवर जातात, ती परत येतात शिमग्याला. तोवर पहिलीचं पुस्तक निम्म्याच्या पार पुढं गेलेलं असतं. पोर येतं, मागच्या बाकावर बसतं, चार दिवस आढ्याकडे बघतं आणि यायचं बंद होतं. सगळीकडे हेच होतं. आमच्याकडे होत नव्हतं, कारण नाईकबाई शिमग्याची पालखी नाचून गेली की त्या पोरांसाठी पहिली नव्यानं सुरू करायच्या. अगदी पहिल्या दिवसापासून. कुठल्या परिपत्रकात नाही, वेळापत्रकात नाही — बाईंच्या मनात आलं, केलं. वीस-बावीस वर्षं केलं. गावानेच त्याला नाव दिलं, शिमग्याची पहिली.

परत येणारं प्रत्येक पोर भट्टीवरून एक वीट घेऊन यायचं. तशी रीतच पडली होती. त्या विटा पडवीत ओळीनं मांडायच्या आणि बाई खाली फतकल मारून बसायच्या. भट्टीवर पोरं कच्च्या विटा उलटतात, दुसऱ्या बाजूनं वाळाव्यात म्हणून. एका रांगेत किती, दिवसाला किती रांगा, हे त्यांना तोंडपाठ असतं. बाई तिथूनच धरायच्या. "तू किती उलटल्यास? आणि भावानं? मग दोघांनी मिळून किती गं?" झाली बेरीज. मग विटेवर खडूनं आपापल्या नावाचं पहिलं अक्षर काढायचं. मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत ती पोरं धडाधड वाचायला लागायची. खोटं नाही सांगत, मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी चेष्टा करायचे. "बाई, ही शाळा आहे का भट्टी?" त्या हसायच्या. पण चेष्टेच्या आत काय होतं, ते आज सांगते — हेवा होता. पोरं त्यांना थोरली बाय म्हणायची आणि मला मोबाईलवाली बाय. थोरल्या बायच्या पदराला लोंबकळायची. माझ्या पदराला कोण येणार? मी मेली सदा त्या फोनमध्ये.

फोनचं असं, की आमच्या केंद्रातल्या चौदा-पंधरा शाळांच्या ऑनलाईन माहितीचं काम माझ्या गळ्यात होतं. बाहेरच्या माणसांना हे माहीत नसतं. आज ही लिंक भरा, उद्या ती भरा. निम्म्या गुरुजींना जमत नाही, उरलेल्यांना कंटाळा. मग माझं नाव तंत्रस्नेही शिक्षिका! पदवी मोठी झोकदार, काम सगळ्यांची ओझी वाहायचं. शाळेमागच्या पाण्याच्या टाकीवर तेवढी रेंज येते. दुपारी तिथं चढून बसायचं आणि एकेकाला फोन लावायचा. "गुरुजी, ओटीपी आला असेल, सांगा." ते सांगायचे, मी भरायचे. पुढं काय भरलं, हे आजतागायत एकानं विचारलेलं नाही. विचारायचं असतं, हेच कुणाला वाटत नाही.

तर त्या वर्षी नवा अभ्यासक्रम यायचा होता. त्याआधी सगळ्या शिक्षकांचे अभिप्राय मागवले.

महिन्याच्या शिक्षण परिषदेत नुसता कलकलाट. एक गुरुजी म्हणाले, उंटावरून शेळ्या हाकायच्या ह्यांनी आणि पाय पोळायचे आमचे. दुसरे म्हणाले, काही नाही, जुनीच दारू, बाटली नवी. एक तरुण सर होते, त्यांना मनापासून आवडला होता, ते बिचारे पोटतिडकीनं सांगत होते की घोकंपट्टी कमी होईल, पोरं हातानं करून शिकतील. चुकीचं नव्हतं ते. मसुदा मीही वाचला होता, वाईट नव्हता. पण चहा संपला, केंद्रप्रमुख खुर्चीत येऊन बसले आणि कलकलाट बंद. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? सगळे वहीत डोकं घालून बसले.

एकट्या नाईकबाई उठल्या. म्हणाल्या, "चांगलाय अभ्यासक्रम, पण माझी भट्टीवरची पोरं यात कुठं बसतात ते दिसत नाही. मी लिहून देऊ का?" केंद्रप्रमुख माझ्याकडे बोट करून म्हणाले, द्या की, मॅडमकडे द्या, लिंकमध्ये सूचनांचा रकाना आहे.

महिनाभर लिहीत होत्या त्या. शाळा सुटल्यावर, पडवीत बसून, खोडरबर घेऊन. चार पानं. मागणं एवढंच, की पहिलीच्या अभ्यासक्रमात वर्षाच्या मध्ये दुसरा आरंभ ठेवा. जे मूल उशिरा येतं त्याला मागच्या बाकावर न बसवता नव्यानं सुरू करता यावं, आणि त्याला जे येतं तिथून सुरू करता यावं. त्याखाली वीस वर्षांतली पोरांची नावं — कोण कितव्या दिवशी वाचायला लागलं, कोण आता नर्सिंगला आहे, कोण एसटीत कंडक्टर. आणि तिसऱ्या पानावर वाडीतल्या बारकीचं नाव. शाळेतलं नाव वैशाली, पण सगळे तिला बारकीच म्हणतात. तेव्हा ती पाच वर्षांची, मोठ्या बहिणीबरोबर येऊन पडवीच्या कडेला नुसती बसायची. बाईंनी लिहिलं होतं — ही पुढल्या वर्षी पहिलीत येईल, दिवाळीला भट्टीवर जाईल. ही विटा शंभरापर्यंत मोजते. हिला 'काही येत नाही' असं कृपया कुठं लिहायला लावू नका.

पानं माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या, "टायपिंगला वेळ लागेल गं तुला. सावकाश कर."

मी सावकाश केलं नाही. मी केलंच नाही.

शेवटच्या दिवशी केंद्रप्रमुखांचा फोन आला. तो माणूस वाईट नाही हो, त्याच्या डोक्यावर वरचे बसलेले. म्हणाले, मॅडम, संध्याकाळपर्यंत शंभर टक्के करा, आणि एक लक्षात ठेवा — 'असहमत'वर कुणाचं बोट गेलं की खुलासे देत बसावं लागेल, तुम्हालाही आणि मलाही. मी टाकीवर चढले. एकेकाला फोन लावला. ओटीपी, सहमत, सहमत, सहमत, पूर्णपणे सहमत, पाठवा. सूचनांच्या रकान्यात एकच वाक्य सगळ्यांना चिकटवलं — नवीन अभ्यासक्रम बालकेंद्री असून स्वागतार्ह आहे. तरुण सरांचंही तेच, शिव्या देणाऱ्या गुरुजींचंही तेच.

मग नाईकबाईंचा नंबर आला. त्या टाकीखाली उभ्या होत्या, हातात बटणांचा फोन, चष्मा कपाळावरून खाली ओढून. एकेक आकडा वाचला. मग म्हणाल्या, "थांब, परत वाचते, चुकायला नको." परत वाचला. आणि मी? त्यांची चार पानं वाऱ्यानं उडू नयेत म्हणून मांडीखाली दाबून धरली होती आणि वर बोटानं सहमत, सहमत करत होते. 'उशिरा येणाऱ्या मुलांसाठी वेगळी व्यवस्था आवश्यक वाटते का?' असा प्रश्नसुद्धा होता त्यात. अक्षरशः होता. मी 'नाही' केलं. कारण केंद्रातल्या बाकी सगळ्यांचं 'नाही' होतं आणि एकटं 'होय' उठून दिसलं असतं.

"गेलं का गं?" खालून विचारलं त्यांनी.

"गेलं, बाई."

पाच ओळींत त्यांचं म्हणणं बसलं असतं. पाच मिनिटं लागली असती. खुलासा द्यायला लागला असता तर काय, मला सुळावर चढवलं असतं का? पुढच्या परिषदेत शंभर टक्के काम केल्याबद्दल मला गुलाबाचं फूल मिळालं आणि टाळ्या वाजल्या. सगळ्यांत जोरात नाईकबाईंनी वाजवल्या. मला बरं वाटलं — हेही सांगायला हवं. फार दिवसांनी कुणीतरी माझ्याकडे बघत होतं.

इथंच थांबलं असतं तर मी ही कपाटातली गोष्ट कपाटातच ठेवली असती. आळस झाला, भ्याले, चुकले — अशा चुका कोण करत नाही? पण मी पुढं गेले.

बाई दर चार दिवसांनी विचारायच्या, "काही उत्तर आलं का?" त्यांना खरंच वाटत होतं की उत्तर येईल. पंधरा दिवस मी उडवून लावलं. मग एके दिवशी डबा खाताना त्यांनी परत विचारलं, आणि मला इतका राग आला — त्यांचा नाही, माझाच — की मी फोन उचलला आणि म्हटलं, "आलंय की, कालच आलं, सांगायचं राहिलं." आणि कोऱ्या पडद्याकडे बघून वाचायला लागले. आपण पाठवलेल्या सूचना अत्यंत उपयुक्त असून समितीने त्या काळजीपूर्वक वाचल्या आहेत. त्यांचा गांभीर्याने विचार करण्यात येत आहे. — कुठून सुचलं देव जाणे. परिपत्रकं वाचून वाचून ती भाषा माझ्या अंगात मुरलेली.

त्यांच्या हातातला घास तसाच राहिला. डोळे भरून आले. म्हणाल्या, "परत वाच गं." आता ते परत कसं वाचणार? आठवेल तसं वाचलं.

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, छापून आण. मी श्रीवर्धनला गेले, झेरॉक्सच्या दुकानात बसून टाईप केलं, छापून आणलं. खाली सही नाही, शिक्का नाही. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. प्लास्टिकच्या पाकिटात घालून देवाजवळ ठेवलं. वाडीत जाऊन बायकांना वाचून दाखवलं — बघा, आपल्या पोरांचं आता पुस्तकात येणार. त्या शिमग्याला त्यांनी पहिली भरवली ती काय थाटात! पडवीत विटांच्या दोन ओळी झाल्या.

जूनमध्ये नवी पुस्तकं आली. गठ्ठा मीच सोडला. बाईंनी पहिलीचं पुस्तक घेतलं आणि पहिल्या पानापासून बघायला लागल्या. एकेक पान, बोट फिरवत. पुस्तक देखणं होतं, चित्रं छान. शेवटचं पान झालं. परत उलटं सुरू केलं, शेवटाकडून पुढं. मग शिक्षकांसाठीची पुस्तिका घेतली. त्यातही बोट फिरवत गेल्या. मी समोर बसून पावतीवर सह्या करत होते आणि मनात म्हणत होते, आता सांग. आता सांग ना मेले. त्यांनी वाचलंच नाही बाई, मी पाठवलंच नाही. एवढंच तर म्हणायचं होतं.

पुस्तिका मिटून त्यांनी ती गठ्ठ्यावर नीट सरळ करून ठेवली. मग म्हणाल्या, "काळजीपूर्वक वाचून मग नको म्हणालेत ना ते... म्हणजे माझंच चुकत असणार गं. मोठी शिकलेली माणसं. एवढी वर्षं मीच आपलं काहीतरी करत बसले."

मी काय म्हणाले असेन?

मी म्हणाले, "असेल, बाई."

हाच तो शब्द. बाकी सगळं त्याच्या अलीकडचं-पलीकडचं. पानं पाठवली नाहीत, खोटं उत्तर दिलं — ते सगळं माफ होण्यासारखं असेलही, मला माहीत नाही. पण बावीस वर्षं पोरांना वाचायला शिकवलेली बाई मला विचारत होती की माझं चुकलं का, आणि मी म्हटलं, असेल.

त्या वर्षी बारकी पहिलीत बसली. दिवाळीला भट्टीवर गेली. शिमग्याला परत आली ती काखेत वीट घेऊन, थोरल्या बहिणीनं सांगितल्याप्रमाणे. धावत पडवीत आली आणि वीट मांडली. एकटीच. मग पुढं काय होणार म्हणून बघत उभी राहिली. नाईकबाई वर्गात होत्या. म्हणाल्या, "ये बाळा, आत ये, बस. पान पंचावन्न." बारकीला पान पंचावन्न म्हणजे काय तेही कळेना. मी माझ्या वर्गाच्या दारातून बघत होते. बाई पुस्तकाबाहेर एक शब्द बोलत नव्हत्या. त्यांचा आवाजसुद्धा बदलला होता, परीक्षा देणाऱ्या माणसासारखा.

बारकी पाच दिवस आली. सहाव्या दिवसापासून नाही. मी वाडीत गेले होते, तुम्हाला वाटेल कर्तव्य म्हणून — मला नुसतं बघायचं होतं. तिची आई भांडी घासत होती. म्हणाली, "न्हाय येत म्हनते बाय ती. म्हनते, मना काय येत न्हाय. थोरली बाय पन आता पयल्यासारी न्हाय ऱ्हायली, व्हय ना?" मी मान हलवली आणि परत आले. बारकी झोपडीच्या मागं होती, बाहेर आली नाही.

त्याच मे महिन्याच्या शेवटी नाईकबाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी मला म्हणाल्या, तू होतीस म्हणून माझं म्हणणं निदान वरपर्यंत पोचलं, कुणीतरी वाचलं तरी. आता पनवेलला मुलाकडे असतात. त्यांच्या जागी कुणी आलेलं नाही. चारही वर्ग माझ्याकडे, मुलं अकरा. डबा मी एकटीच खाते, ओट्याशी उभ्यानंच. बारकी आता बाराही महिने आईबापाबरोबर कामावर असते, तिचं नाव पटावर मीच 'सतत गैरहजर' म्हणून लिहिते. तिची वीट पडवीच्या खांबाशी आहे. झाडताना मी ती उचलते आणि परत तिथंच ठेवते.

चार पानं मी कितीदा वाचली असतील. पाठ आहेत. शिमग्याची पहिली कशी भरवायची, ते आज या तालुक्यात माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल. मी भरवत नाही. भरवायची तर आधी कुणालातरी सांगावं लागेल की ही बाईंची रीत बरोबर होती. आणि ते सांगायचं तर मग सगळंच सांगावं लागेल.

दर रविवारी बाईंचा फोन येतो. आधी विचारतात, जेवलीस का. मग शाळेचं. परवा म्हणाल्या, "शिमगा झाला ना गं? वाडीवरची पोरं आली का?"

"आली, बाई. तीन आलीत."

"पुस्तकाप्रमाणेच शिकव हो त्यांना. माझ्यासारखा आगाऊपणा करू नकोस."

मी म्हटलं, "नाही करत, बाई."